चार आणि सोळा 'वीस' करणाऱ्या साहेबांस

'२० जीबी मेमरी' ही ओळ ज्यांनी लिहिली ते जाहिरातदार साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. खोक्यावर, दुकानातल्या पत्रकावर, किमतीच्या शेजारी तुमची ओळ असते, खाली सही नसते. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. २०१८ च्या सुमारास कुठल्याशा थंडगार खोलीत बसून तुम्ही ४ जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन यांची बेरीज केलीत आणि आलेल्या उत्तराला 'मेमरी' म्हणालात. तुमचं काम त्या दिवशी संपलं. मी वाशिमला पाटणी चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझं काम त्या दिवसापासून सुरू झालं आणि विंडोज १० चा आधार संपण्याच्या वर्षी ते हाताबाहेर गेलं.

तुमची बेरीज खोटी का, ते आधी सांगतो. रॅम म्हणजे चालू कामाची जागा. ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या आहेत, स्कॅनर चालू आहे, मागे एक्सेल उघडं आहे, हे सगळं रॅममध्ये राहतं. तुमची सोळा जीबीची ऑप्टेनची पट्टी तिथे नव्हतीच. ती हार्ड डिस्कपुढे बसवलेली कॅश होती. विंडोजच्या आणि नेहमी लागणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइली डिस्कवरून उचलून ती जवळ ठेवते आणि पुन्हा मागितल्या की लवकर देते. डिस्कचा वेग वाढतो, रॅम चारची चारच राहते. चार क्विंटल सोयाबीन आणि सोळा क्विंटल कुटार एका ट्रॉलीत भरून कोणी आमच्या बाजार समितीत 'वीस क्विंटल माल आणला' म्हणाला, तर अडत्या त्याला ट्रॉलीसकट परत पाठवील. कुटार वाईट नसतं, ढोरं त्यावर जगतात. पण त्याला सोयाबीनचा भाव कोणी देत नाही. तुम्ही मात्र तो घेतलात.

आणि कुणाकडून घेतलात? ज्यांना खोलात शिरून विचारता येत नव्हतं, त्यांच्याकडून. आमच्याकडे लॅपटॉप घ्यायचा म्हणजे बहुतेक जण अकोल्याला जातात. बरोबर एखादा एमएस-सीआयटी झालेला भाचा असतो. तो खोक्यावरचा आकडा वाचतो. शेजारच्या लॅपटॉपवर प्रामाणिकपणे '८ जीबी रॅम' लिहिलेलं आहे, तुमच्यावर '२० जीबी मेमरी'. किंमत जवळपास सारखी. वीस मोठे की आठ, एवढाच प्रश्न उरतो. बाप खिशातून पैसे काढतो. प्रामाणिक खोकं मागे राहतं आणि तुमचं विकलं जातं. तुमच्या ओळीनं ग्राहक तर फसलाच, खरं लिहिणाऱ्याचाही तिनं धंदा मारला.

२०१८ हेच वर्ष होतं, ज्यात केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते: नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि आमचं वाशिम. १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, सोयाबीन आणि तुरीवर उभा असलेला हा जिल्हा. शेतकऱ्याचा सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, रेशन, उत्पन्नाचा दाखला, सगळं ऑनलाइन झालं. पण शेतकरी ऑनलाइन झाला नाही. तो गावातल्या आपले सरकार केंद्रात जातो. त्या केंद्रात एक टेबल, एक प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र आणि एक लॅपटॉप असतो. तो लॅपटॉप चालला तर सरकार चालतं. तुमची ओळ नेमकी तिथे जाऊन बसली.

आता ऑक्टोबर २०२५ चं सांगतो. १४ तारखेला विंडोज १० चा आधार संपणार, हे मायक्रोसॉफ्टनं कधीच जाहीर केलेलं होतं. पडद्यावर पाटी येतच होती. रिसोड तालुक्यातल्या एका केंद्राची चालक ताई, तिचा लॅपटॉप तुमच्याच जातीचा. आठव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी ऑप्टेन, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ ला आठवी पिढी चालते, किमान रॅम ४ जीबी लागते, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. तिन्ही गोष्टी जमत होत्या, म्हणून पाटीनं तिला सांगितलं की तुमचं मशीन पात्र आहे. पात्रतेच्या त्या यादीत 'ऑप्टेन आधी बंद करा' ही ओळ नव्हती. दिवसभर केंद्रात गर्दी. कुणाचं शेतकरी ओळखपत्र अडलेलं, कुणाच्या सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद दिसेना, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला बाया सकाळपासून दारात. म्हणून तिनं अपग्रेड रात्री लावलं. सकाळी निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं: इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

"भाऊ, रातच्याला अपडेटले लावला होता, सकाळपासून चालूच नाही होऊन राह्यला," ती फोनवर सांगत होती. "आतमधी लोकायचे कागद आहेत."

साहेब, ती स्वतःच्या कागदांबद्दल बोलत नव्हती. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ५,३२८ रुपये होता. त्या भावानं विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, नोंदणीला सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकाचा स्कॅन लागतो. गावातल्या लोकांनी ते स्कॅन तिच्याकडे विश्वासानं ठेवले होते. घरात सोयाबीनची पोती, दारात दिवाळी आणि कागद तुमच्या बेरजेत अडकलेले.

आत काय घडलं होतं, ते तुमच्या जाहिरात खात्यानं एकदा समजून घ्यावं. ऑप्टेनची पट्टी आणि हार्ड डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इंटेलचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी नावाचा ड्रायव्हर त्या दोघींना जोडून विंडोजला एकच डिस्क म्हणून दाखवतो. बायोसमध्येही त्यासाठी वेगळा मोड असतो, साध्या एएचसीआयऐवजी ऑप्टेनवाला. नवीन लिहिलेली माहिती आधी पट्टीवर उतरते आणि मग सवडीनं डिस्कवर जाते. म्हणजे कुठल्याही क्षणी डिस्कवर जे आहे ते पूर्ण नसतं, थोडं पट्टीवर असतं. दोन्ही मिळून खरं. पट्टी वीज गेली तरी विसरत नाही, हा तिचा गुण. पण तिला डिस्कपासून तोडलं, किंवा मधला ड्रायव्हर चुकला, की उरलेल्या डिस्कला स्वतःच्याच फाइली कळेनाशा होतात. अपग्रेड करताना विंडोज मध्येच रीस्टार्ट होऊन स्वतःच्या छोट्या रूपात उठतं. त्या रूपाला जुना, न जुळणारा ड्रायव्हर मिळाला की त्याला अर्धीच डिस्क दिसते आणि ते हात वर करतं. कधी ते शहाण्यासारखं जुन्या विंडोजवर परत येतं. रिसोडच्या लॅपटॉपवर तेही जमलं नाही.

त्या पट्टीशी माझं भांडण नाही, हेही लिहून ठेवतो. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये ऑप्टेनच्या मुळाशी असलेलं थ्रीडी एक्सपॉइंट तंत्र जाहीर केलं तेव्हा मी ते कौतुकानं वाचलं होतं. नेहमीच्या फ्लॅशपेक्षा लहान लहान कामांना फार चटकन उत्तर देणारी आणि लवकर न झिजणारी अशी ती वस्तू होती. एप्रिल २०१७ मध्ये १६ आणि ३२ जीबीच्या पट्ट्या बाजारात आल्या. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपमध्ये ती बसवली की फरक डोळ्यांना दिसायचा. ज्यांनी ती घडवली त्या अभियंत्यांना माझा नमस्कार. त्यांनी कॅश बनवली होती. तिला मेमरी तुम्ही केलंत.

तुम्ही म्हणाल, पुढे काय होणार हे आम्हाला कसं कळावं? कळत होतं. दहा वर्षांचा दाखला समोर होता. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टानं फ्लॅशवाल्या हायब्रिड डिस्कसाठी रेडीड्राइव्ह आणलं, ते रुजलं नाही. २०१० मध्ये सीगेटनं ४ जीबी फ्लॅश पोटात घेतलेली मोमेंटस एक्सटी काढली. तिचा सगळा कारभार डिस्कच्या आत चालायचा, विंडोजला पत्ताही नसायचा. म्हणून अपग्रेडच्या वेळी तिनं असा त्रास दिलेला मी पाहिला नाही. सरळ घराणं होतं ते. २०११ मध्ये इंटेलनं झेड६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स आणलं आणि जोडणी डिस्कच्या बाहेर, ड्रायव्हरच्या हाती गेली. तिथे दोन पर्याय होते. 'एनहान्स्ड' मध्ये प्रत्येक गोष्ट डिस्कवरही लगेच लिहिली जायची, 'मॅक्सिमाइज्ड' मध्ये आधी एसएसडीवर आणि नंतर डिस्कवर. दुसऱ्यात वेग जास्त आणि तोडताना धोकाही जास्त, हे तेव्हापासून ठाऊक होतं. २०१२ च्या अल्ट्राबुकांमध्ये २४ आणि ३२ जीबीच्या कॅश आल्या. त्याच वर्षी अॅपलनं फ्यूजन ड्राइव्ह आणला. एसएसडी आणि हार्ड डिस्क एकत्र बांधलेली. २०१७ मध्ये अॅपलनं हाय सिएरात नवी एपीएफएस फाइल व्यवस्था आणली, तेव्हा फ्यूजनवाल्यांना त्यातून वगळावं लागलं. ते काम २०१८ च्या मोहावीत झालं. म्हणजे जी कंपनी यंत्रही स्वतः बनवते आणि प्रणालीही, तिलासुद्धा जोडलेल्या डिस्कचं अपग्रेड एका वर्षानं पुढे ढकलावं लागलं. हे सगळं तुम्ही ओळ लिहिण्याच्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं आहे.

नंतरचंही ऐका. मे २०१९ मध्ये विंडोज १० चं १९०३ हे अपडेट आलं. ज्या मशीनांवर रॅपिड स्टोरेजच्या ड्रायव्हरची १५.१.०.१००२ ते १५.५.२.१०५३ यांमधली आवृत्ती होती, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं ते रोखून धरलं, आधी ड्रायव्हर बदला म्हणून. २०२० च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतर ऑप्टेनवाल्या कितीतरी मशीनांवर चालू करताच एक डीएलएल फाइल सापडत नसल्याची चौकट येऊ लागली. जानेवारी २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचे स्वतंत्र ऑप्टेन ड्राइव्ह बंद झाले आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलनं सगळा ऑप्टेन व्यवसायच गुंडाळत असल्याचं सांगितलं. वस्तू बनवणाऱ्यानं दुकान बंद केलं. विकणाऱ्यानं ज्यांना ती विकली होती, त्या एकालाही कळवलं नाही. नोंदणी करताना मोबाइल नंबर घेतला होता ना तुम्ही? त्यावर नव्या मॉडेलच्या सवलती येत राहिल्या. 'अपग्रेडच्या आधी ऑप्टेन बंद करा' एवढा एक संदेश, मराठीत, कधी आला नाही.

रिसोडची ताई लॅपटॉप घेऊन आली, त्याआधी तिला गावातच तिघांनी सल्ले दिले होते. एक म्हणाला फॉरमॅट मारा. दुसरा म्हणाला बायोस रीसेट करा. तिसरा म्हणाला ती छोटी पट्टी काढून पाहा. तिन्ही सल्ले साध्या लॅपटॉपवर वावगे नाहीत आणि तिच्या लॅपटॉपवर तिन्ही घातक होते. तिनं काहीच केलं नाही आणि बस धरून वाशिमला आली, म्हणून कागद वाचले. मी आधी बायोस उघडून पाहिलं. पट्टी आणि डिस्क दोन्ही दिसत होत्या, जोडणी शाबूत होती. मोडला हात लावला नाही. विंडोज ११ च्या पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, तर डिस्कच्या यादीत काही नाही. त्या मशीनला लागणारा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर' मधून चढवला, तेव्हा सी ड्राइव्ह सगळ्या फोल्डरांसकट समोर आला. दुरुस्तीचं कुठलंही साधन चालवण्याआधी लोकांचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवले. हे पहिलं. अर्धवट दिसणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीची साधनं चालवली की ती जे समजत नाही ते 'दुरुस्त' करतात, आणि मग परत काही मिळत नाही.

त्यानंतरच जोडणी तोडली. विंडोज चालू असतं तर ऑप्टेनच्या अॅपमध्ये 'डिसेबल' दाबून आणि रीस्टार्ट करून ते काम काही मिनिटांत झालं असतं. विंडोज मेलेलं असलं की बायोसमध्ये जाऊन 'डीकॉन्कॅटिनेट' नावाचा पर्याय शोधावा लागतो आणि तिथे माहिती जपायची की पुसायची, असा प्रश्न येतो. तिथे चुकीचं उत्तर दिलं तर सगळं जातं. मंगरूळपीरच्या, मालेगावच्या, कारंजाच्या केंद्रात बसलेल्या पोरानं हा प्रश्न वाचून काय करावं अशी तुमची अपेक्षा होती? जोडणी सुटताना वीज गेली तर काय, म्हणून आधी मशीन यूपीएसला लावलं. आमच्याकडे दुपारची वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि तिच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली.

शेवटी पट्टीच्या जागी २५६ जीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी बसवली, त्यावर नवं विंडोज ११ टाकलं, जुनी हार्ड डिस्क फक्त कागद ठेवायला ठेवली, आणि रॅमच्या रिकाम्या खाचेत ४ जीबीची आणखी एक पट्टी घातली. ठसे घेणाऱ्या यंत्राची सेवा, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं पुन्हा बसवलं. आता तो लॅपटॉप २०१८ मध्ये जसा असायला हवा होता तसा चालतो. साहेब, तो तेव्हाच तसा देता आला असता. पट्टीऐवजी ४ जीबी रॅम वाढवली असती, हार्ड डिस्कऐवजी लहानशी एसएसडी दिली असती, तरी चाललं असतं. फक्त खोक्यावरचा आकडा लहान दिसला असता.

ताईचे कागद मिळाले. सगळ्यांचे मिळत नाहीत. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचे जिल्हा परिषदेचे शिक्षक माझ्याकडे आले ते उशिरा आले. पोहरादेवीच्या परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांनी होळीची लेंगी गाणी म्हणवून रेकॉर्ड करून घेतली होती. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, त्यांच्या अंगणात बसून, वर्षानुवर्षं. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. ती गाणाऱ्याच्या तोंडात असते, आणि ज्यांच्या तोंडात होती त्यांतले काही आता राहिले नाहीत. ते आवाज तुमच्या '२० जीबी मेमरी' मध्ये होते. अपग्रेड अडकलं, दुसऱ्या कुठल्या दुकानात पट्टी काढली गेली, डिस्कवर नवं विंडोज चढवलं गेलं. मी जमेल ते सगळं करून पाहिलं. फाइलींची नावं परत आली, गाणाऱ्यांची, तांड्यांची, तारखांची. बऱ्याचशा फाइलींमध्ये आवाज उरला नव्हता. गुरुजी माझ्यासमोरच्या स्टुलावर ती नावं वाचत बसले आणि मला बोलायला काही सुचेना. ज्या दुकानदारानं पट्टी काढली त्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ती पट्टी म्हणजे डिस्कचा भाग आहे. खोक्यावर तर ती 'मेमरी' होती, आणि मेमरी काढली की काही पुसत नाही, हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

म्हणून मी म्हणतो की ही ओळ निरुपद्रवी नव्हती. तुम्ही आकडा फुगवला आणि वस्तूचं काम काय हेही लपवलंत. ज्याला कॅश म्हणतात तिला मेमरी म्हटल्यामुळे दुरुस्त करणाऱ्याचा हात चुकीच्या जागी गेला.

'सगळी माहिती संकेतस्थळावर होती,' हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. असेलही. इंग्रजीत, मॉडेलच्या क्रमांकाखाली, चौथ्या पानावर. पण '२० जीबी' ही अक्षरं खोक्यावर बोटभर उंचीची होती. जी गोष्ट विकायला मदत करते ती मोठ्या अक्षरांत आणि जी वाचवायला मदत करते ती शोधावी लागते, ही वाटणी कुणी केली? त्या वेळी १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता, त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय ते लिहिलेलं होतं. २०१९ च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याच दिली आहे. वाशिमला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण तक्रारीला मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तुमच्या बेरजेचा अर्थ ग्राहकाला कळला तो सात वर्षांनी, निळ्या पडद्यावर. तुमचं अधिकृत सेवा केंद्र आमच्यापासून ८० किलोमीटरवर अकोल्याला. तिथे गुरुजींना सांगितलं गेलं की वॉरंटी संपली आहे आणि डेटाची जबाबदारी ग्राहकाची असते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या ज्या ग्राहकाचा नंबर तुमच्याकडे आहे त्याला त्याच्या भाषेत एक संदेश पाठवा: तुमच्या लॅपटॉपमध्ये ऑप्टेन आहे, अपग्रेडच्या आधी ती अशी बंद करा, पट्टी काढू नका. तुमच्या सेवा केंद्रांना सांगा की असं मशीन वॉरंटीबाहेर असलं तरी माहिती काढून द्यायची आणि त्याचे पैसे मागायचे नाहीत. आणि इथून पुढे कुठल्याही खोक्यावर रॅम ही रॅमच्या रकान्यात, साठवण साठवणीच्या रकान्यात लिहा. दोन रकाने बेरीज करायला ठेवलेले नसतात.

आता उरलेलं पत्र तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी आहे.

२०१७ ते २०२० च्या दरम्यान घेतलेला, हार्ड डिस्कचा लॅपटॉप तुमच्याकडे असेल तर आज एवढं पाहा. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स' मध्ये जा. मेमरीसमोर जो आकडा दिसतो ती तुमची खरी रॅम. डिस्कच्या नावात 'ऑप्टेन' हा शब्द दिसला तर तुमच्या दोन वस्तू जोडलेल्या आहेत. घाई करू नका. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसेही लागत नाहीत. तेवढ्या वेळात सगळ्या कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये काही बदललं की मशीन ती मागतं. मग ऑप्टेनचं अॅप उघडून ती बंद करा, रीस्टार्ट करा, ती सुटल्याची खात्री करा. अॅप नसेल किंवा उघडत नसेल तर स्वतः बायोसमध्ये शिरू नका, जाणत्या माणसाला दाखवा. केंद्र चालवणाऱ्यांनी हे काम पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात काढू नये. आणि कुणी 'पट्टी काढून पाहू' म्हणालं तर लॅपटॉप उचलून घरी या.

जिल्ह्यातल्या माझ्या धंद्यातल्या भावांना एकच विनंती: स्क्रू काढण्याआधी बायोस उघडून डिस्कचा मोड बघा, आणि जोडलेली डिस्क दिसली तर माहिती बाहेर काढल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.

आपला,
वाशिमचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला